जपानमध्ये एक्स्चेंजवर असताना नाताळ: वसईहून मित्र येणार असतील तर

जपानात २५ डिसेंबरला सुट्टी नसते. कॉलेज चालू, बँका चालू, पोस्ट चालू. लोकसंख्येत ख्रिस्ती माणसं जेमतेम एक टक्का. रस्त्यांवर रोषणाई असते, दुकानांत कॅरल वाजतात, पण २४ ची संध्याकाळ इथे मुख्यतः जोडप्यांची मानली जाते आणि घरच्यांनी एकत्र जमायचा सण म्हणजे नवं वर्ष. वसईत नाताळ आपण आणला नाही तरी दारात येतो: येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधले जातात, कुळकुळ हा नाताळचा गोड पदार्थ तळला जातो, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, अख्खं गाव लोटतं. इथे तसं होत नाही. नाताळ हवा असेल तर तो सप्टेंबरपासून तारीख लावून, बुकिंग करून, सामान जमवून उभा करावा लागतो. मित्र येणार असतील तर जास्तच.

मी फुकुओकात शिकायला होतो, त्यामुळे खालची उदाहरणं क्यूशू बेटावरची आहेत. व्हिसा, सामान आणि बुकिंगचे नियम टोकियोत किंवा ओसाकात असलात तरी हेच.

१. आधी तारखा, मग तिकीट

युनिव्हर्सिटीचं कॅलेंडर हातात घ्या. हिवाळी सुट्टी बहुतेक ठिकाणी नाताळच्या आसपास किंवा त्यानंतर सुरू होते, म्हणजे २४ ला लेक्चर आणि २५ ला प्रेझेंटेशन असणं अगदी शक्य आहे. २५ ला हजेरी टाळायची असेल तर नोव्हेंबरमध्येच सेन्सेईंना (प्राध्यापकांना) भेटून सांगा: हा माझा धार्मिक सण आहे, त्या दिवशी मिस्सा आहे. आधी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. आदल्या दिवशी ईमेल टाकणं मात्र इथे उद्धटपणाचं वाटतं.

कोनबिनी (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) किंवा रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम करत असाल तर तेही लगेच सांगा. २४ आणि २५ हे तिथले सर्वात धावपळीचे दिवस. तुमची शिफ्ट लागली की मित्र एकटे भटकणार.

मित्रांच्या मुक्कामाचे दोन पर्याय आहेत. पहिला, २० किंवा २१ ला येऊन २७-२८ ला परत. दुसरा, नवं वर्ष बघून ४ जानेवारीनंतर परत. २८ ते ४ या काळात अख्खा देश गावी जातो, हॉटेलं महागतात, गाड्या भरतात. पैसे जपायचे असतील तर माझं मत पहिल्या पर्यायाला. नाताळ तोच आणि खर्च बराच कमी.

मुंबईहून फुकुओकाला येताना बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. फुकुओकाचा विमानतळ शहरातच आहे. इंटरनॅशनल टर्मिनलवरून मोफत शटल बसने डोमेस्टिक टर्मिनलला यायचं, तिथून सबवेने पाच-सहा मिनिटांत हाकाता, म्हणजे फुकुओकाचं मुख्य स्टेशन. ही शटल मित्रांना आधी सांगून ठेवा, कारण सबवे इंटरनॅशनल टर्मिनलपर्यंत येत नाही.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस ग्लोबल या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत करायचा. व्हिसा एका प्रवेशाचा असतो आणि मुक्काम जास्तीत जास्त ९० दिवसांचा.

इथे नेहमी एक गोंधळ होतो. "मित्राला भेटायला" हा व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. त्यात जपानमधल्या माणसाने निमंत्रणाचं कारणपत्र, म्हणजे शोओहेइ रियूशो, आणि दिवसवार कार्यक्रम, म्हणजे ताइझाइ योतेइह्यो, पाठवायचा असतो. खर्च तोच उचलणार असेल तर मिमोतो होशोशो हे हमीपत्र, सोबत उत्पन्नाचे कागद आणि जूमिन्ह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला. विद्यार्थ्याकडे असं उत्पन्न नसतं, त्यामुळे हमीदार म्हणून आपली बाजू फार लंगडी पडते. मित्र स्वतःच्या पैशाने येणार, हॉटेलात राहणार आणि फिरणार असतील, तर तो पर्यटनाचाच प्रवास आहे. त्यांनी आपापल्या कागदांवर पर्यटक म्हणून अर्ज करावा. फॉर्मवर मात्र जे खरं तेच लिहायचं. हॉटेल एक आणि प्रत्यक्ष मुक्काम दुसरीकडे, असा घोळ ठेवू नका.

मित्रांनी जमवायचे कागद:

- पासपोर्ट आणि फोटो
- भरलेला अर्ज
- जाण्यायेण्याच्या विमानाचं बुकिंग
- हॉटेलांची बुकिंग, तारखांना तारखा जुळणारी
- दिवसवार कार्यक्रम: कोणत्या दिवशी कोणतं शहर, कुठे मुक्काम
- बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न
- नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र

व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून ऑगस्टमध्ये घाई नको. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही चांगली वेळ. दिवाळीच्या सुट्ट्या धरून चाला.

ई-व्हिसा पासपोर्टवर चिकटत नाही. विमानतळावर फोनमध्ये इंटरनेट चालू करून व्हिसाची नोटीस साइटवरूनच उघडून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा कागदावरची प्रिंट चालत नाही. म्हणून जपानात चालणारं ई-सिम मित्रांनी मुंबईतच घालून घ्यावं आणि लॉगिन पाठ ठेवावं. व्हिजिट जपान वेबवर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती आधीच भरली की क्यूआर कोड मिळतो, रांगेतला वेळ वाचतो. त्यात मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर लागतो. तो तुम्हीच नीट टाइप करून पाठवा.

३. झोपणार कुठे

युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात रात्री पाहुणा ठेवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. "एकच रात्र, कोणाला कळणार" असं करू नका. शेजारी तक्रार करतात, ऑफिसला कळतं आणि खोली जाऊ शकते. वर्षभराची सोय एका रात्रीसाठी पणाला लावू नये. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार वाचा. पाहुण्यांना परवानगी असेल तर फुतोन (जमिनीवर अंथरायच्या गाद्या) भाड्याने मिळतात.

२४ ला शहरातली हॉटेलं जोडप्यांमुळे महाग होतात आणि लवकर भरतात. ऑक्टोबरमध्ये रद्द करता येण्याजोगं बुकिंग करून ठेवा. तीन-चार जण असतील तर चार बेडची खोली देणारं होस्टेल किंवा अपार्टमेंट हॉटेल शोधा. जपानी बिझनेस हॉटेलच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही.

४. घरून काय आणावं, काय अजिबात नको

नाताळ म्हटलं की घरचे डबे भरणारच. तुम्ही यादी आधी पाठवली नाही तर मित्राची आई गोव्याची सॉसेजेस नक्की बांधून देईल.

मांस आणि मांसाचे पदार्थ आणायचे नाहीत. सॉसेजेस, सुकं मटण, चिकनचं लोणचं, खिम्याचे पॅटिस, सगळं यात आलं. व्हॅक्यूम पॅक असो, घरचं असो की दुकानाचं, फरक पडत नाही. विमानतळावर वास घेणारी कुत्री फिरतात. लपवून आणल्यास मोठा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे.

ताजी फळं-भाज्या तपासणी प्रमाणपत्राशिवाय येत नाहीत. केळी, मिरच्या, कढीपत्ता, सगळं घरीच राहू द्या. सुकी मासळी या बंदीत येत नाही, पण पॅकिंग इतकं पक्कं हवं की वास बाहेर पडणार नाही. मसाले दुकानाच्या सीलबंद पाकिटात आणावेत. घरच्या बाटली मसाल्याचा मोह मला समजतो, पण लेबल नसलेली तांबडी पूड ऑफिसरला समजावत बसणं त्रासाचं. कुळकुळ, नेवऱ्या (करंज्या), मांस नसलेला फराळ आम्ही आणवला आणि विचारल्यावर उघडून दाखवला.

औषधांबाबत फार जपा. कोडीन असलेली काही कफ सिरप आणि स्युडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानात बेकायदा ठरतात. आपल्याकडे त्या सर्रास घेतल्या जातात, म्हणून कोणाच्या मनातही येत नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचून मगच बॅगेत टाकायला सांगा. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधं एक महिन्याची चालतात, सोबत प्रिस्क्रिप्शन हवं. जास्त लागत असतील तर युन्यू काकुनिनशो हे प्रमाणपत्र प्रवासाआधी काढावं लागतं.

दारू माणशी तीन बाटल्यांपर्यंत, साधारण ७६० मिलीच्या, करमुक्त येते. पिण्याचं वय २० आहे. २०२२ पासून जपानात १८ व्या वर्षी माणूस सज्ञान ठरतो, त्यावरून पिण्याचं वयही उतरलं असं अनेकांना वाटतं. ते उतरलेलं नाही.

कपडे: फुकुओकात डिसेंबरात रात्री चार-पाच अंश, दिवसा दहा-बारा. बाहेर ते सोसतं, घरात जास्त बोचतं, कारण खोल्यांना जाड भिंती किंवा सेंट्रल हीटिंग नसतं. आतून घालायचे गरम कपडे हवेतच. काढा-घाला करायला सोपे बूट आणि न फाटलेले मोजेही हवेत. दिवसातून कितीतरी वेळा बूट उतरवावे लागतात.

५. नोव्हेंबरमध्ये करायची बुकिंग

*केंटकी (केएफसी).* नाताळला फ्राइड चिकन खायची इथली रीत १९७४ च्या जाहिरात मोहिमेपासून देशभर पसरली. पार्टी बॅरलची, म्हणजे चिकनच्या मोठ्या डब्याची, आगाऊ नोंदणी नाताळच्या बऱ्याच आठवडे आधी सुरू होते आणि तुम्हाला २४ ची ठरावीक वेळ मिळते. आयत्या वेळी गेलात तर लांब रांग किंवा नकार. मित्रांना ही मजा बघायचीच असते, म्हणून नोंदवाच. मला स्वतःला कोनबिनीच्या काउंटरवरचं चिकनही तेवढंच आवडतं, आणि तिथे रांग लागत नाही.

*केक.* इथला नाताळचा केक म्हणजे पांढरं क्रीम आणि लाल स्ट्रॉबेरी. आपला सुकामेव्याचा काळपट केक नव्हे. कोनबिनी, सुपरमार्केट आणि डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या डेपाचिकामध्ये नोंदणी होते. आकार "गो" मध्ये सांगतात: ४ गो म्हणजे १२ सेंटीमीटर, ५ गो म्हणजे १५. चौघांना ५ गो पुरतो. २५ च्या संध्याकाळी उरलेल्या केकवर सवलतीची लेबलं चिकटतात. दुसरा केक तेव्हा घ्या.

*रेस्टॉरंट.* २४ ला अनेक चांगली ठिकाणं फक्त नाताळचा ठरलेला कोर्स देतात, तोही दोन तासांच्या मर्यादेत. मित्रांच्या टोळक्यासाठी हे महाग पडतं. एकत्र जेवण २२ किंवा २३ ला इझाकायामध्ये (खाण्यापिण्याच्या साध्या जपानी ठिकाणी) ठेवा आणि २४ ची रात्र मिस्सेसाठी मोकळी राखा. कोणी शाकाहारी असेल तर सूप आणि सॉसबद्दल आवर्जून विचारा, कारण भाजीच्या पदार्थातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. हाकाता रामेन डुकराच्या हाडांच्या सुपाचं असतं, नागासाकीच्या चानपोन नूडल्समध्येही डुकराचं मांस येतं.

आणखी एक. जुन्या लेखांत "डिसेंबरमध्ये कोबे लुमिनारिए बघा" असं सापडेल. ती रोषणाई २०२४ पासून जानेवारीत गेली आहे.

६. रेल्वेचं गणित

तुम्ही आणि मित्र एकाच गाडीत बसाल, पण तिकिटाचे नियम वेगळे. जपान रेल पास आणि जेआर (जपान रेल्वे) क्यूशूचे पास फक्त अल्पमुदतीच्या पाहुण्यांना मिळतात. विद्यार्थी व्हिसावर तुम्हाला मिळत नाहीत. देशभराचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीत ५०,००० येनवर गेला, त्यामुळे एक-दोन शहरं बघणाऱ्यांना तो आता परवडत नाही. फुकुओका-नागासाकी एवढाच बेत असेल तर क्यूशूच्या पासची किंमत साध्या तिकिटाशी ताडून बघा. सीट आरक्षणासाठी सगळ्यांनी एकत्र काउंटरवर जा, म्हणजे जागा शेजारी मिळतात.

तुमच्यासाठी गाकुवारी आहे: जेआरवर एका दिशेचा प्रवास १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर भाड्यात २० टक्के सूट. पण डिग्रीला नसलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांना ती प्रत्येक युनिव्हर्सिटीत मिळतेच असं नाही. विद्यार्थी कक्षात विचारून घ्या.

सेइशुन १८ या साध्या गाड्यांच्या स्वस्त तिकिटाबद्दलची जुनी माहिती विसरा. पूर्वी एका तिकिटावर अनेकांना मिळून प्रवास करता येई. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते एका माणसासाठी आणि सलग तीन किंवा पाच दिवसांसाठी झालं आहे.

ओसाका-टोकियोकडे जाणार असाल तर वर्षअखेरच्या गर्दीच्या दिवसांत नोझोमी या शिनकानसेनला (बुलेट ट्रेनला) बिनआरक्षित डबे नसतात. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू शिनकानसेनमध्ये बॅगेच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते. भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा बहुधा यात मोडतात.

७. २४ डिसेंबर: नागासाकीला जा

या लेखात एकच गोष्ट पाळायची ठरवलीत तर ही पाळा. क्यूशूत असाल तर नाताळची रात्र नागासाकीत घालवा. वसईच्या माणसाला तिथे जाण्याचं आणखी एक कारण आहे.

संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. वडील पोर्तुगीज, आई वसईकडचीच. लहानपणी जेझुइट संघाच्या फादरांबरोबर राहून तो जपानला गेला, जपानी उत्तम शिकला, पुढे व्यापारही केला. मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये स्पॅनिश फादरांचा दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात आला. १५९६ च्या अखेरीस जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून त्यांना पकडलं. क्योतोत त्यांचे कान कापले आणि ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत, म्हणजे शेकडो किलोमीटर, चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये ते सगळे संत म्हणून जाहीर झाले. वसईत त्याच्या नावाच्या कॉलेजात आपल्यातले कितीतरी जण शिकले, पण त्याने प्राण दिले ती टेकडी बघितलेले फार थोडे. ती नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे.

*जाणं.* हाकाताहून रिले कामोमे ही गाडी पकडा, ताकेओ-ओनसेनला त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या कामोमे शिनकानसेनमध्ये बसा. सप्टेंबर २०२२ मध्ये हा मार्ग सुरू झाल्यापासून प्रवास दीड तासावर आला आहे. पैसे वाचवायचे तर हाकाता बस टर्मिनलहून हायवे बस, साधारण अडीच तास.

*दिवसाचा क्रम.* सकाळी पोहोचून बॅगा हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. दुपारी लॉकर भरलेले असतात. आधी निशिझाका: २६ जणांच्या ब्राँझ मूर्तींची लांब भिंत आणि मागे संग्रहालय. तिथे घाई करू नका. आमच्यातल्या एकीने घरून आणलेली मेणबत्ती तिथे लावायची ठरवली होती. अशा वेळी आधी तिथल्या माणसांना विचारा, आपल्या मनाने लावू नका.

मग ट्रामने ओउरा. तिथलं चर्च १८६५ च्या फेब्रुवारीत याच २६ हुतात्म्यांना अर्पण झालं, आणि महिनाभरात, १७ मार्चला, उराकामीच्या काही गावकऱ्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचीही श्रद्धा तुमचीच आहे. धर्मावरच्या बंदीमुळे अडीचशे वर्षं फादर नाहीत, चर्च नाही, उघड प्रार्थना नाही, तरी त्यांनी ती घराघरांत जपली होती. या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांशी जोडलेली ठिकाणं २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. ओउराला तिकीट आहे आणि आत फोटो काढायला मनाई आहे.

संध्याकाळी उराकामी कॅथीड्रल. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब या कॅथीड्रलपासून सुमारे ५०० मीटरवर फुटला. ढिगाऱ्यातून एक घंटा शाबूत निघाली आणि त्याच वर्षीच्या नाताळला ती वाजवली गेली. आजचं चर्च १९५९ चं. दुसऱ्या मनोऱ्यात नवी घंटा बसवून २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ८० वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ट्रामने हेइवा कोएन थांब्यावर उतरायचं, तिथून चढाने चालत जायचं. अणुबाँब संग्रहालय २५ च्या सकाळी बघा. मिस्सेआधी बघू नका. ते बघून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलत नाही.

रात्रीचा मुक्काम नागासाकीतच ठेवा. मिस्सा संपल्यावर परतीच्या गाडीमागे धावण्यात सगळा आनंद जातो.

८. मिस्सेला जाताना

"मध्यरात्रीची मिस्सा" म्हणून रात्री साडेअकराला पोहोचलात तर दार बंद सापडू शकतं. जपानात रात्री गाड्या थांबतात, म्हणून २४ ची मिस्सा बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी सात-आठच्या सुमारास असते. वेळ त्या चर्चच्या पानावर बघा आणि जागा आधी नोंदवावी लागते का ते फोन करून विचारा. इंग्रजी मिस्सा हवी असेल तर फुकुओकात दाइम्योमाचीच्या कॅथीड्रलमध्ये चौकशी करा. जपानी मिस्सेलाही तुम्ही कुठेच अडत नाही, क्रम तोच असतो.

फरक थोडे आहेत. गुडघ्यांवर बसण्याऐवजी लोक बहुतेक वेळ उभे राहतात. शांतिचिन्हाच्या वेळी हस्तांदोलन नाही, हात जोडून एकमेकांना वाकून नमस्कार. नागासाकीत बऱ्याच बायका डोक्यावर पांढरा रुमाल घेतात. तुमच्या मैत्रिणींवर सक्ती नाही, पण साधे, अंग झाकणारे कपडे हवेत. गटात बाप्तिस्मा न झालेला कोणी असेल तर तोही येऊ शकतो. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी जागेवर बसून राहावं, किंवा रांगेत जाऊन मान झुकवून फक्त आशीर्वाद घ्यावा. हे आधी समजावून सांगा, म्हणजे तो ऐन वेळी गडबडत नाही. मिस्सा चालू असताना फोन बाहेर काढायचा नाही. आजूबाजूला बसलेल्यांच्या पणजोबांनी या प्रार्थनेसाठी तुरुंग आणि हद्दपारी भोगली आहे.

बाहेर पडताना कोणी ना कोणी विचारतंच, कुठून आलात? "इंदो नो वसई" म्हणा आणि गोन्सालो गार्सियाचं नाव घ्या. त्यानंतर तुम्ही परके राहत नाही.

९. खोलीवरचा नाताळ

विद्यार्थ्याच्या खोलीत ओव्हन नसतो, म्हणून घरच्यासारखा केक जमत नाही. कुळकुळ आणि नेवऱ्या मात्र तळणीच्या, त्या उत्तम होतात. मैद्याच्या जागी हाकुरिकीको घ्या. नारळाचा सुका कीस सुपरमार्केटच्या बेकिंगच्या रांगेत मिळतो. रवा आयात मालाच्या दुकानांत बघा, ग्योमु सुपरमध्ये नारळाचं दूधही स्वस्त. कुळकुळ वळायला नवा कंगवा किंवा काटा शंभर येनच्या दुकानातून आणा, सजावटीच्या माळा आणि छोटं झाडही तिथेच.

तळलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. तेल घट्ट करायची पूड मिळते. तेल गरम असतानाच मिसळायची, थंड झाल्यावर वडी निघते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. तळताना एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा, नाहीतर वसतिगृहाचा धुराचा अलार्म वाजेल. हीटर, केटल आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडतो. तो कुठे आहे ते मित्रांना आधीच दाखवा.

भिंतीला खिळा मारू नका, खोली सोडताना पैसे कापतात. मास्किंग टेपने माळा लावा. गोठा टेबलावर बसतो: पुठ्ठा, वाळलेलं गवत, घरून आणलेल्या छोट्या मूर्ती. रात्री दहानंतर आवाज खाली. मोठ्याने गायचं असेल तर कराओकेची खोली घ्या, तिथे मनसोक्त गाता येतं. शेजाऱ्यांना चार कुळकुळ पुडीत घालून, मित्र येणार आहेत असं आधीच सांगून आलात तर फार बरं.

१०. पैसे आणि आजारपण

मित्रांनी कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करावा. रोख लागतेच, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर निघते. ट्राम-बससाठी सुगोका, निमोका किंवा हायाकाकेन यांपैकी एक आयसी कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवास कार्ड) रोखीने घ्या.

तुम्हाला राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, मित्रांना नाही. प्रवास विम्याशिवाय त्यांना येऊ देऊ नका. डिसेंबरात फ्लूची साथ असते. ॲम्ब्युलन्स आणि आग ११९, पोलीस ११०.

११. २६ नंतर

२५ ची रात्र संपली की दुकानांतली झाडं उतरतात आणि सकाळी नव्या वर्षाची कादोमात्सु, म्हणजे बांबू-पाइनची सजावट, उभी असते. सजावटीचे फोटो २५ पर्यंत काढून घ्या.

२९ पासून ३ जानेवारीपर्यंत बरीच संग्रहालयं आणि सरकारी कार्यालयं बंद असतात. नागासाकीचं अणुबाँब संग्रहालय २९ ते ३१ बंद असतं. १ जानेवारीला छोटी दुकानं उघडत नाहीत, काही बँकांची एटीएमही थांबतात. ३० पर्यंत रोख आणि किराणा घरात हवा. मित्र थांबणार असतील तर ३१ ला तोशिकोशी सोबा, म्हणजे वर्षअखेरीच्या नूडल्स, खा आणि जवळच्या बौद्ध मंदिरातल्या घंटेचे १०८ ठोके ऐकायला जा.

कचऱ्याचं वेळापत्रक बघा. फुकुओकात कचरा रात्री उचलतात, म्हणून सूर्यास्तानंतर ठेवायचा, आणि वर्षअखेरीस काही दिवस गाडी येतच नाही. केकचे खोके, चिकनचे बॅरल, बाटल्या वेगवेगळ्या करून शेवटच्या फेरीला काढा. मोठी वस्तू टाकायची तर सोदाइ गोमीसाठी (मोठ्या कचऱ्याच्या उचलीसाठी) आधी वेळ घेऊन पैसे भरावे लागतात, आणि डिसेंबरअखेरच्या वेळा लवकर संपतात. झाड चांगलं असेल तर टाकू नका. वसतिगृहाच्या ऑफिसला विचारून पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी ठेवून द्या.